गेमिंग कॉम्प्युटरच्या बिलावर नुसतं ‘१ नग’ लिहू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे पेपर संपत आले आणि नागपुरात सध्या घरोघरी एकच बोलणं सुरू आहे, पेपर झाले की गेमिंग कॉम्प्युटर घेऊन द्या. आमच्याकडे हे दीड वर्षापूर्वी झालं आणि त्यात जे भोगलं ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, मानेवाड्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटंसं दुकान आहे, कूलरचे पंप, टेबल फॅन, बोअरच्या मोटरी भरून देतो, २२ वर्षं झाली या धंद्यात. पण करंट, कॉइल आणि गरमी या तीन गोष्टी मला समजतात आणि कॉम्प्युटरमध्ये शेवटी त्याच निघाल्या.

२०२४ च्या दिवाळीत पोरगी अकरावीत होती, मागे लागली होती, बाबा बाकी काही नको पण कॉम्प्युटर द्या. तिला गेम तर खेळायचेच होते पण व्हिडिओ एडिटिंगही शिकायचं होतं, आणि दहावीला चांगले मार्क आणले होते तिने, नाही कसं म्हणणार. व्हॉट्सअॅपवर एका दुकानाची जाहिरात आली होती, ‘आय५ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट, फक्त ३८ हजार’. गेलो, काचेच्या डब्यात चार पंखे सात रंगांत फिरून राहिले होते, पोरीचे डोळे तिथेच लागले. बोनस आणि थोडी भिशीची रक्कम मिळून पैसे दिले आणि बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं, ‘असेंबल्ड कॉम्प्युटर सेट, १ नग, ३८,०००’. बस्स. प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) कुठला, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा पार्ट) कुठलं, डब्यातला पॉवर सप्लाय (घरच्या लाइनीचा करंट पार्ट्सना लागेल तसा करून देणारा) कोणत्या कंपनीचा, काहीच नाही. मी दुकानात मोटर भरून देतो तेव्हा किती किलो तार गेली, बेअरिंग कोणतं टाकलं हे लिहून देतो, ४०० रुपयांच्या कामाचं. इथे ३८ हजारांचं एका ओळीत आटोपलं आणि मीही काही विचारलं नाही.

पाच-सहा महिने ठीक चाललं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ती गेम खेळत होती, कूलर सुरू होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि फट्‌ असा आवाज होऊन सगळं बंद. खोलीत तोच वास, जळालेल्या वार्निशचा, जो माझ्या दुकानात रोज येतो. पोरगी रडवेली झाली, तिला वाटलं तिच्यानेच काही बिघडलं. मी प्लग काढून डबा दुकानात नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पॉवर सप्लाय उघडला. (घरी कोणी हे करू नका, प्लग काढल्यावरही आतल्या चार्ज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो आणि जोरदार झटका बसतो, आम्ही तो आधी उतरवून मगच हात लावतो.)

हातात घेतल्या घेतल्या कळलं. वजनच नाही. ट्रान्सफॉर्मर लहान, वायरी सुतळीसारख्या बारीक, आणि कपॅसिटर तीन ठिकाणी टोपीतून फुगून फाटलेले, त्यांच्या अंगावर ८५ डिग्री छापलेलं. चांगल्या सप्लायमध्ये १०५ डिग्रीचे असतात, आणि या कपॅसिटरचा हिशेब असा की गरमी दर १० डिग्रीने वाढली की आयुष्य निम्मं होतं. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात ४७.९ डिग्री नोंदवलं गेलं होतं, बंद खोलीत, बंद डब्यात काय होत असेल याचा विचार करा. आम्ही मोटर भरतो तेव्हा सुद्धा इन्सुलेशनचा क्लास पाहतो, बी क्लास १३० डिग्रीपर्यंत, एफ १५५ पर्यंत, एच १८० पर्यंत, भट्टीजवळच्या मोटरीला बी क्लास टाकला तर ग्राहक महिन्याभरात परत येतो. कॉम्प्युटरच्या सप्लायचं पण तसंच, काही कंपन्या त्याचे वॅट २५ डिग्रीवर मोजून छापतात आणि काही ४० किंवा ५० डिग्रीवर. २५ डिग्री आपल्याकडे फक्त थंडीतच असतं.

आता खरी गोष्ट ऐका. सप्लायवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं होतं. पण त्याच स्टिकरवर खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. आजकालच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः या १२ व्होल्टवरच चालतात, बाकीचे आकडे मिळवून ४५० केले तरी त्यांचा तिथे उपयोग नाही. आणि आमच्या डब्यात काय होतं तर आरएक्स ५८० कार्ड, ते एकटं १८५ वॅट खातं, आणि इंटेल कंपनीचा आय५ ४५७० प्रोसेसर, त्याचे ८४. म्हणजे २६९ वॅटचं ओझं १९२ च्या पाठीवर. अर्ध्या एचपीच्या मोटरीला एक एचपीचा पंप जोडल्यासारखं झालं हे, जळणारच होतं, गरमीने फक्त तारीख ठरवली. जाताना सप्लाय मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) पण घेऊन गेला. कार्ड दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं तर स्क्रीनभर ठिपके.

दुकानात गेलो तर म्हणाले काका वॉरंटी कशाची, बिलावर काय लिहिलंय दाखवा. आणि बिलावर लिहिलं होतं १ नग.

माझा भाचा पुण्यात हार्डवेअरमध्ये आहे, त्याने व्हिडिओ कॉलवर एकेक पार्ट पाहून सांगितलं की मामा हा आय५ चौथ्या पिढीचा आहे, २०१३ सालचा. आय५ नावाखाली २०१३ चाही येतो आणि २०२३ चाही येतो, पण जाहिरातीत फक्त ‘आय५’. कार्ड २०१७ च्या मॉडेलचं, वापरलेलं. त्याचं म्हणणं असं की अशी कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये (कॉम्प्युटरकडून हिशेब करवून डिजिटल चलन कमावण्याचं काम) दिवसरात्र राबवलेली असू शकतात, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या डिजिटल चलनाने मायनिंगच बंद केलं आणि मग ती ढिगाने जुन्या बाजारात आली. आमचं त्यातलंच होतं की नाही हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण नवं म्हणून विकलं होतं हे मात्र नक्की.

जुन्या मालाच्या मी विरोधात नाही, माझं पोटच जुन्या मोटरींवर आहे. जुना आय५ घेऊन कोणी १२-१५ हजारांत शाळेच्या कामाचा कॉम्प्युटर बनवत असेल तर चांगलंच आहे. पण वय सांगून विका ना. आता तर हे आणखी जड जाणार कारण विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचाच प्रोसेसर लागतो. दुकानवाले जुगाड करून जुन्यावर टाकून देतात पण मग व्हॅलोरंटसारखा गेम, जो आपल्याकडचे अर्धे पोट्टे खेळतात, तो विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो आणि नसलं तर सुरूच होत नाही. पोट्टा म्हणतो गेम चालत नाही, बाप म्हणतो ३८ हजार घातले, आणि घरात भांडण.

मग आम्ही दुसऱ्यांदा केलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये. या वेळी हातात पैसे कमी होते कारण आधीचे गेलेच होते, म्हणून भाच्याने सांगितलं की मामा एकदम सगळं घेऊ नका, दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, नावाच्या शेवटी जो जी आहे त्याचा अर्थ ग्राफिक्स आतच आहे, हलके गेम त्यावर आरामात चालतात, कार्ड पुढे पैसे आले की लावा. (इंटेलमध्ये शेवटी एफ असला तर उलटं, आत ग्राफिक्स नसतंच, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही, हे एक अक्षर न पाहता लोक घेऊन येतात.) यशवंत स्टेडियमसमोरच्या कॉम्प्युटर मार्केटात मी आणि पोरगी दोन शनिवार फिरलो, तिच्या वहीत भाव लिहीत. शेवटी प्रोसेसर १०,९००, मदरबोर्ड ५,२००, रॅम ३,४००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) ३,१००, पॉवर सप्लाय ५५० वॅट ब्राँझ ३,९००, कॅबिनेट २,४००. झाले २८,९००. मॉनिटर, कीबोर्ड जुनेच वापरले.

या यादीत कुठे कंजूसी करायची आणि कुठे नाही हेच सगळं आहे. कॅबिनेटवर आम्ही वाचवलं, लाइट नाही, काच नाही, पुढून जाळी आहे आणि हवा सरळ आत जाते. मदरबोर्ड साधा. पण सप्लायवर नाही वाचवलं, दुकानदाराने १,१०० वाला दाखवला, म्हणे हाही ५०० वॅटच आहे, मी डबा उलटा करून तक्ता वाचला आणि परत ठेवला. सप्लायवर ८० प्लस नावाचा शिक्का असतो, साधा शिक्का म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के लोडवर कमीत कमी ८० टक्के पॉवर पार्ट्सपर्यंत पोहोचते, बाकीची गरमी होते, ब्राँझ त्याच्याही थोडा वर. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, १२ व्होल्टचा गुणाकार करा, पाचवीतल्या पोराला पण येतो.

रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, एक १६ जीबीची पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. यामागचं कारण मला पटायला वेळ लागला पण सोपं आहे, आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅममधूनच उचलतं, दोन पट्ट्या म्हणजे पाण्याला दोन पाइप. एक पट्टी लावून कोणी ५६००जी देत असेल तर त्याला तिथेच थांबवा, गेममध्ये फरक डोळ्यांनी दिसतो. आणि मदरबोर्ड बी४५० घेत असाल तर दुकानातच विचारून घ्या की याचा बायोस (बोर्डातला, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) ५६००जीसारख्या रायझेन ५००० सिरीजसाठी अपडेट आहे का, जुना स्टॉक असला तर घरी नेऊन सुरूच होत नाही आणि मग माणूस समजतो पार्ट खराब.

जोडणी घरीच केली, दुकानवाले ५०० रुपये मागत होते, पैशांपेक्षा मला वाटलं पोरीने आपल्या हाताने करावं. पलंगावर नाही तर लाकडी टेबलावर, आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातला स्टॅटिक उतरवला. प्रोसेसरच्या खाली सोन्याचा मुलामा दिलेल्या १,३३१ पिना असतात, माझ्या बारीकात बारीक तारेपेक्षाही नाजूक वाटतात, एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो तो सॉकेटच्या त्रिकोणावर आणायचा, दांडी वर करायची आणि फक्त सोडून द्यायचं, दाबायचं नाही, आपल्या वजनाने तो खाली बसतो. तिने श्वास रोखून धरला होता, आणि बसला तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू, मी पहिली मोटर भरून फिरवली होती तेव्हाचा दिवस आठवला. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरींनी मात्र अर्धा तास घेतला, मॅन्युअलमधलं चित्र पाहिल्याशिवाय त्या लावूच नयेत. रात्री सव्वाअकराला स्क्रीनवर अक्षरं आली. मग भाच्याने सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू केलं, कारण ३२०० ची रॅम आपोआप २४०० वरच चालत होती. पैसे ३२०० चे दिलेले, हे कोणी सांगतच नाही.

या जानेवारीत तिच्याच आतेभावाच्या मित्राकडून वापरलेलं आरएक्स ६६०० कार्ड १३ हजारांना घेतलं, त्याच्याकडे मूळ बिल होतं, त्याच्या घरी बसून अर्धा तास गेम चालवून पाहिला, पंख्याचा आवाज ऐकला, मगच पैसे दिले. हे कार्ड १३२ वॅटचं, आधीच्या ५८० पेक्षा कमी खातं आणि काम जास्त करतं. लावल्यावर पोरगी म्हणाली बाबा काहीच फरक नाही, तर मॉनिटरची वायर मदरबोर्डलाच लावलेली राहिली होती, ती काढून कार्डाला लावली आणि तिचा चेहरा बदलला. हे पण लिहून ठेवतो कारण नक्कीच कोणी ना कोणी यातच अडकणार आहे. म्हणजे बघा, एकूण ४१,९०० रुपयांत खरा गेमिंग कॉम्प्युटर झाला. आधीच्या ३८ हजारांत फक्त चार हजार टाकले असते तर पहिल्याच वेळी झाला असता.

आता एक गोष्ट बदलली आहे, ती या उन्हाळ्यात घेणाऱ्यांना माहीत असायला पाहिजे. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून सुटले आहेत, जी जोडी मी ३,४०० ला घेतली ती आज दुपटीहून जास्त आहे. जगात ही मेमरी मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि एआयच्या डेटा सेंटरला लागणारी महागडी मेमरी बनवण्यात त्यांचे कारखाने गुंतले, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशियल नावाने घरगुती ग्राहकाला विकणं बंद करतो. त्यामुळे ३२ जीबीचा हट्ट आता धरू नका, ८-८ मध्ये भागतं, आणि रॅमची नवीन पिढी डीडीआर५, तिच्या मागे न लागता आधीच्या पिढीचा डीडीआर४ वालाच सेट घ्या, मेमरीच्या पट्ट्या वापरून झिजत नाहीत म्हणून ओळखीतून वापरलेल्या मिळाल्या तर टेस्ट करून घ्यायला हरकत नाही. दुकानदारही या महागाईत अडकलेत हे मला मान्य आहे. पण याच वेळी कोणीतरी सप्लायमधले दोन हजार कापून किंमत तेवढीच दाखवणार, ही माझी भीती आहे.

आणि आपल्या नागपूरच्या हिशेबाने, डबा कूलरच्या समोर ठेवू नका. लोकांना वाटतं थंड हवा चांगली, पण कूलरची हवा ओली असते, सोबत वूडवूलचा भुसा आणि खारट पाण्याचा पांढरा थर येतो, धुळीशी मिळून पंख्यावर चिखल बसतो. आमच्या पहिल्या डब्यात तो अर्धा सेंटीमीटर होता. बाजूला, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि नवतपा लागायच्या आधी एकदा ब्लोअरने साफ करा, फक्त ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

साहेब, दुकानदार भावांना माझी हात जोडून विनंती आहे. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहा, पिढीसकट. कार्डाचं मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा, नवं की वापरलेलं ते लिहा. पॉवर सप्लायची कंपनी आणि मॉडेल लिहा, फक्त वॅट नाही. आणि आईवडिलांनी कच्च्या बिलाच्या मोहात पडू नये, १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून माणूस हो म्हणतो, आमच्या दुसऱ्या खरेदीत तो साधारण ४,४०० रुपये होता, मलाही जड वाटला, पण पार्ट बिघडला की बहुतेक ठिकाणी पहिलं पक्कं बिलच मागतात. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. मला हे नंतर कळलं, आणि तेव्हाही माझ्याकडे दाखवायला होता तो १ नगवाला कागदच.

आपल्या पेपरला पण एक विनंती. एप्रिल-मे मध्ये गेमिंग कॉम्प्युटरच्या जाहिराती अर्ध्या पानाच्या येतात, त्या घेताना प्रोसेसरची पिढी आणि सप्लायचं मॉडेल छापलंच पाहिजे एवढी अट टाकता आली तर पहा. आणि मानेवाडा, अयोध्या नगर, हुडकेश्वर या भागातलं कोणी कॉम्प्युटर घ्यायला निघालं असेल तर सप्लायच्या स्टिकरचा फोटो काढून संध्याकाळी सातनंतर दुकानात यावं, तो तक्ता मी वाचून देईन, पैसे नको. तो जळालेला डबा आणि फुगलेले कपॅसिटर मी काउंटरवरच ठेवले आहेत.

आपला नियमित वाचक,
एक मोटर रिवाइंडिंग कारागीर,
मानेवाडा, नागपूर